विषय : खाली

दर महिन्याच्या एक तारखेला श्रावणी 'रोजचं' नावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक शब्द टाकायची, आणि मग रायपूरमधली बरीचशी मराठी घरं महिनाभर त्या शब्दाच्या मागे लागायची. दार. पळी. सावली. उशी. फोटो घरातल्या किंवा गल्लीतल्या साध्या वस्तूचा हवा, माणशी एकच, आणि त्याखाली ओळ लिहायची नाही, एवढेच नियम. श्रावणी दातांची डॉक्टर. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. लोकांचं लांबलचक मराठी वाचावं लागू नये म्हणूनच तिनं ओळीला बंदी केली, असं गटातले दिवाकरराव गटावरच लिहीत आणि पुढे हसण्याची चित्रं टाकत.

शर्मिष्ठाची आई, प्रमोदिनीबाई, या गटात शेजारणीच्या आग्रहानं शिरली आणि तिथं रमली. ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहायची. शर्मिष्ठाचे वडील, अनंतराव, रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी या खोल्या घेतल्या होत्या. ते गेल्यावरही आईनं त्या सोडल्या नाहीत. पुढे गुडघे गेले, जिना उतरणं बंद झालं, आणि तिला दोन खोल्या नि गल्लीवरची गॅलरी एवढंच उरलं. तेवढ्यातून ती फोटो काढायची. बहुतेक फोटोंत एका कडेला तिचं बोट आलेलं असे. 'उशी'ला तिनं घडवंचीवर वाळत टाकलेल्या कापसाचा फोटो पाठवला होता, आणि 'सावली'ला गॅलरीच्या गजांची सावली पडलेली स्वतःची पावलं.

ओळ न लिहिण्याचा नियम मात्र तिला पचत नव्हता. बोलल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. म्हणून फोटो पाठवला की लगेच शर्मिष्ठाला फोन. "लिहाची मनाई आहे, तुले सांगाची तर नाही ना," असं म्हणून ती सुरू होई. कापूस कुठल्या उशीतला, ती उशी कोणाच्या बाळंतपणात शिवलेली, तो शिंपी पुढे कुठे गेला, इथपर्यंत. शर्मिष्ठा फोन खांद्याशी धरून फायली उलटत हूं हूं करत राही. ती नव्या रायपुरात सरकारी खात्यात होती आणि शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. रविवारी आईकडे जेवायला जायचं हा जुना शिरस्ता होता.

फेब्रुवारीचा विषय आला : खाली.

त्यावरून गटावर चांगलीच करमणूक झाली. श्रावणीच्या मनात हिंदीतलं खाली होतं, म्हणजे रिकामं. पण नागपूरकडून आलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी मराठी शब्द वाचला आणि टेबलाखाली, पलंगाखाली, ओट्याखाली कॅमेरे घातले. दत्तोपंतांनी खाटेखालच्या चपलांचा फोटो पाठवला. दिवाकररावांनी रिकामा डबा पाठवला आणि आपलंच कसं बरोबर हे सांगायला नियम मोडून चार ओळी लिहिल्या. दत्तोपंत चिडले. विषय मराठी मंडळींचा आहे का बाजारातला, असं त्यांनी विचारलं. श्रावणीनं हात जोडून लिहिलं, "दोनों चलेगा अंकल."

आईचा फोटो महिना सरता सरता आला. वरून घेतलेला. गल्लीतलं सिमेंट, घरासमोरचा मोकळा तुकडा, आणि त्याच्या बरोबर मधोमध निळी प्लॅस्टिकची बाल्टी. बाल्टीत काही नाही. एका कडेला नेहमीचं धूसर, पिवळट बोट. गटावर पटापट जोडलेले हात आणि डोळ्यांत पाणी आलेले चेहरे उमटले. श्रावणीनं लिहिलं, "आंटी, क्या बात है. दोनों खाली एक में."

या वेळी मात्र आईचा फोन आला नाही. शर्मिष्ठानंही विचारलं नाही. विधानसभेचं सत्र चालू होतं, आणि प्रश्नांची उत्तरं तयार करायला रविवारीसुद्धा खात्यात बसावं लागत होतं. सकाळी ती आईला सांगायची, येते, आणि दुपारी कळवायची की आज नाही जमत. आई म्हणायची, हव, कामाचं पाह.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळचा चहा ओतून झाल्यावर, आई खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

*

दिवस झाले, पाहुणे पांगले. शर्मिष्ठा सुटीच्या दिवशी येऊन खोल्या आवरू लागली. अशाच एका रविवारी, पितळी डबे उतरवत असताना श्रावणीचा फोन आला. पाडव्याला देवळाच्या सभागृहात वर्षभराच्या फोटोंचं प्रदर्शन ठेवायचं होतं. श्रावणी आधी थोडी अडखळली, मग म्हणाली की आंटींचा तो खालीवाला फोटो सगळ्यात शेवटी लावू, एकटाच, मोठा करून. "दीदी, सब लोग वही याद करते हैं. आपकी परमिशन चाहिए. मैंने थोड़ा क्रॉप किया है, उँगली आ रही थी. नीचे सिर्फ एक वर्ड रहेगा, खाली."

शर्मिष्ठा म्हणाली, विचार करून सांगते.

विचार ती आई गेल्यापासून करतच होती. लहानपणापासून ती वाचणारी. पुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते आधी दिसायचं तिला, आणि या फोटोत तिला तेच दिसत होतं. घरासमोरचा तो तुकडा तिच्या स्कूटीचा होता. रविवारी येऊन ती तिथंच गाडी लावायची, हॉर्न द्यायची, आणि वरून आई विचारायची, खाली कोण आहे? माहीत असून विचारायची. बोलघेवड्या आईनं त्या रिकाम्या तुकड्याचा, त्यावरच्या रिकाम्या बाल्टीचा फोटो काढला, आणि पहिल्यांदाच फोन करून काही सांगितलं नाही. यात आणखी वाचायचं काय राहिलं होतं? आई तक्रार करणारी नव्हती. करायची झालीच, तर अशीच केली असती. हा तिचा शेवटचा शब्द असेल तर तो सभागृहात मोठा करून टांगायचा, आणि त्याच्यासमोर पेढे वाटायचे, हे शर्मिष्ठाला झेपणारं नव्हतं. नाही म्हणायचं तर का, हेही कोणाला सांगता येत नव्हतं.

जिन्यावर खोकल्याचा आवाज आला. घरमालक बाबाराव. तळमजल्यावर राहायचे. भोसल्यांच्या काळात त्यांचं घराणं इथं आलं होतं, आणि दोन वाक्यांनंतर ते हे सांगायचेच. आज सांगितलं नाही. दाराशी उभे राहून त्यांनी रचलेल्या डब्यांकडे पाहिलं.

"बेटा, घाई नाही," ते म्हणाले. "पण खोल्या कधीपर्यंत खाली होतील, अंदाज सांग. पोट्टा विचारून राहिला."

एप्रिलअखेर, असं शर्मिष्ठानं सांगितलं. त्यांना बसायला खुर्ची दिली. आईची नव्हे, दुसरी. चहा ठेवते म्हटल्यावर ते नको म्हणाले आणि बसले. मग त्यांची नजर गॅलरीकडे गेली. कठड्याशी निळी बाल्टी उपडी ठेवलेली होती, दोरी तिच्याभोवती गुंडाळलेली. आई हिच्यातून दूध, वर्तमानपत्र वर ओढून घ्यायची. भाजीवाली भीमाबाई खालून तिच्यात चेच या पालेभाजीची जुडी टाकायची आणि भाव वरपर्यंत ऐकू जाईल असा ओरडून सांगायची.

"या बाल्टीनं मले भल्लं छळलं," बाबाराव म्हणाले आणि हसले. शर्मिष्ठा हसली नाही, तसे तेही थांबले. मग थांबल्याचंच अवघडलेपण वाटून पुढे बोलत राहिले. दिवाळीला मुलानं चारचाकी घेतली. गल्ली ही एवढीशी. गाडी लावायला घरासमोरचा तेवढाच तुकडा. एरवी, स्कूटी नसली की, ते लावतच, पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पाहतात तर मधोमध बाल्टी, आणि दोरी वर गॅलरीत गेलेली.

"मी म्हटलं, वहिनी, दूधवाला तर येऊन गेला. बाल्टी उचला, गाडी लावतो. तर वरून म्हणे, जागा खाली नाही. मी म्हटलं, काहून नाही? खालीच तर दिसून राहिली. तर म्हणे, पोट्टी येऊन राहिली. स्कूटी कुठे लावन ती?"

शर्मिष्ठाच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं.

"मंग?"

"मंग काय. देवळाच्या भिंतीशी नेऊन लावली गाडी. दिवेलागणीपर्यंत बाल्टी तिथंच. मंग घेतली वर ओढून. पुढच्या रविवारी परत तेच." त्यांनी गुडघ्यांवर हात चोळले. "तिसऱ्यांदा मी बोललो जरा. बोलाले नको होतं. म्हटलं, वहिनी, येत-बीत नाही कोणी, तुम्ही अन् तुमची बाल्टीच काय ते बसून राहा. त्यांनी सरळ फोन काढला अन् फोटो घेतला. मले वाटलं माझाच घेतला, पोलिसात द्याले."

एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. ते उठले. एप्रिलअखेर म्हणजे एप्रिलअखेर, त्यात काही नाही, मेचे दोन-चार दिवस झाले तरी चालतील, असं म्हणत जिन्याकडे गेले. अर्ध्या जिन्यातून त्यांचा आवाज आला, "गाडी काही कोणाच्या डोक्यावर नव्हती लावाची मले. मागितली असती जागा तर दिली असती." आणि मग खालचं दार लागलं.

शर्मिष्ठानं आईचा फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला. फोटो शोधावा लागला नाही, तो शेवटचाच होता. श्रावणीनं कापलेला नव्हे, आईनं काढलेला. तिनं तो बोटांनी मोठा केला. वरच्या कोपऱ्यात एक गोल, चकाकतं काहीतरी अर्धवट आलं होतं. आजवर तिला ते उपडं भांडं वाटलं होतं. ते बाबारावांचं टक्कल होतं. आणि ते पिवळट बोट बाल्टीच्या कडीपासून निघालं होतं. कडीपाशी बारीक आणि स्पष्ट, आणि वर येता येता, आईच्या हातापाशी, जाड आणि धूसर. दोरी होती ती. एका हातात फोन, एका हातात दोरी. फोटो जरासा हललेला होता, तोही त्यामुळेच.

जागा खाली नाही. विषय 'खाली' आला होता आणि आईनं खाली नसलेल्या जागेचा फोटो पाठवला होता. हे सुचल्यावर ती स्वतःशीच हसली असणार. गटावर सगळे डोळे पुसत होते, आणि तिला मुळात कोणालाच काही रिकामं दाखवायचं नव्हतं. जागा धरली होती. लग्नाच्या पंगतीत पाटावर रुमाल टाकतात, गाडीत खिडकीशी पिशवी ठेवतात, तशी. आणि ओळ लिहायची सोय नव्हती.

मग शर्मिष्ठाला तिनं सांगितलं का नाही, हेही कळायला फार वेळ लागला नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी सकाळपासून जागा धरते. तू येते म्हणतेस.

तक्रार नव्हती, हे कळल्यावर हलकं वाटेल अशी शर्मिष्ठाची समजूत होती. ती डब्यांच्या मधे फरशीवर बसून राहिली. रिकाम्या जागेचं दुःख तिनं इतके दिवस सोसलं होतं, त्याची तिला सवय होऊ लागली होती. आईला एकटं वाटत होतं, पोरीचा राग आला होता, हे मनाशी धरून माणूस पुढे जगू शकतो. लोक जगतातच. पण आई रागावलेली नव्हतीच. तिनं दर रविवारी सकाळी खरं मानलं होतं की ती येणार. दुपारी नाही म्हणून कळल्यावरही बाल्टी वर घेतली नव्हती, दिवेलागणीपर्यंत. याचं काय करायचं ते शर्मिष्ठाला कळेना. रागाची माफी मागता येते.

*

रात्र व्हायच्या आत तिनं श्रावणीला फोन केला. फोटो लावा म्हणाली. फक्त कापू नका, आईनं पाठवला तसा पूर्ण लावा. आणि खाली शब्द नको.

"पर दीदी, वो उँगली..."

"बोट नाही ते. दोरी आहे."

"रस्सी? कौनसी रस्सी?"

"ओळ लिहायची नाही ना, श्रावणी. तुझाच नियम."

मग श्रावणी मराठीत बोलली, जपून, एकेक शब्द ठेवत. "बरं, ताई. जसा आहे, तसा."

पाडव्याला शर्मिष्ठाच्या घरी गुढी नव्हती. ती उशिरा सभागृहात गेली. भिंतींवर वर्षभराच्या पळ्या, दारं, उशा. पंखे गरम वारा फिरवत होते. शेवटच्या भिंतीवर एकटा तो फोटो, आणि समोर माणसं उभी. दत्तोपंत आणि दिवाकरराव आवाज खाली आणून अजून भांडत होते. दत्तोपंत म्हणत होते की बघा, वरून घेतलाय, म्हणजे वहिनींना मराठीतलंच खाली अभिप्रेत होतं. दिवाकरराव म्हणत होते की बाल्टीत काय आहे ते दाखवा मला. शर्मिष्ठा दिसल्यावर दोघांनीही भांडण सोडून नमस्कार केला.

गुढियारीहून आलेल्या एक बाई आईच्या जुन्या ओळखीच्या होत्या. त्यांनी शर्मिष्ठाचा हात दोन्ही हातांत धरला. "किती एकटं वाटत असन ना तिले," त्या म्हणाल्या. "फोटोतूनच कळते."

तसं नव्हतं हो, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण त्यापुढचा प्रश्न, मग कसं होतं, हा आलाच असता. त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं होतं आणि शर्मिष्ठाला ते कोणासमोर उच्चारायचं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

बाई डोळे पुसत पुढे गेल्या. थोड्या वेळानं बाबाराव आले, धुतलेल्या सदऱ्यात. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, चष्मा काढला, पुन्हा घातला. शर्मिष्ठा मागेच होती.

"माझं टक्कल आलं की हो यात," ते पुटपुटले. आणि नंतर, तिच्याकडे न वळता, "कोणाले सांगू नको, बेटा. मी काय बोलून राहिलो होतो तेव्हा."

"नाही सांगणार," ती म्हणाली. त्यांचं तेवढंच मागणं होतं, आणि ते पुरं करणं सोपं होतं.

*

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिनं शेवटचं सामान हातगाडीवर चढवून पाठवलं. सकाळी ती गल्लीत आली तेव्हाच घरासमोर पांढरी चारचाकी उभी होती, तुकड्यात नेमकी बसलेली. तिनं स्कूटी देवळाच्या भिंतीशी लावली. हॉर्न दिला नाही.

खोल्या धुऊन झाल्या. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आणि त्याखालचा फिकट चौकोन तेवढा राहिला. गॅलरीत बाल्टी होती. ती न्यायची का, हे तिनं ठरवलं नव्हतं. शंकर नगरच्या फ्लॅटला लिफ्ट होती.

खालून हाक आली. "बेटा, झालं का सगळं खाली?"

ती कठड्याशी गेली. बाबाराव गाडीशेजारी उभे राहून वर पाहत होते, डोळ्यांवर हात आडवा धरून.

"झालं," ती म्हणाली.

किल्ली द्यायला ती उतरणारच होती. तरी तिनं बाल्टी सरळ केली, किल्ली तिच्यात टाकली आणि दोरी सोडत गेली. बाल्टी भिंतीला दोनदा घासली, मग गाडीच्या टपावर अलगद टेकली. प्लॅस्टिक पत्र्याला लागल्याचा पोकळ आवाज झाला. बाबारावांनी हात लांब करून किल्ली काढली. बाल्टी तशीच टपावर राहिली. त्यांनी एकदा बाल्टीकडे पाहिलं, एकदा वर.

"गाडी काढू का?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आता राहू द्या."

ते आत गेले. तिनं बाल्टी वर ओढून घेतली. दोरीचं दुसरं टोक कठड्याच्या गजाला बांधलेलं होतं. गाठीवर गाठ, आणि पुन्हा तिच्यावर गाठ, उन्हापावसानं घट्ट झालेली. सुरी, कात्री सगळं हातगाडीवर गेलं होतं. ती उन्हात खाली बसली आणि नखांनी पहिली गाठ सैल करू लागली.